वाटीभर साबणाचं पाणी

आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी अजून त्यांच्यावर जळते. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलते. त्यांनाही ते चाललं असतं, कारण तोंडदेखलं गोड बोलणाऱ्या माणसावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

आप्पा म्हणजे आमचे लातूरचे घरमालक. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत माणसं कमी पडत होती, म्हणून नांदेडहून यांची तिकडे बदली झाली. हे, म्हणजे आमचे यजमान, कारकून होते. माझं माहेर उमरीचं. नांदेडला आम्ही यांच्या थोरल्या भावाकडे, दादांकडे, राहायचो. नांदेडला असताना मनात आलं की आईकडे जाऊन संध्याकाळी परत येता यायचं. "दोन वर्षांत परत येऊ, तसा अर्ज टाकूनच ठेवतो," असं यांनी सांगितलं आणि तेवढ्या एका वाक्यावर मी ट्रंक भरून लातूरला आले. आले ती थेट दुष्काळात. दोन पावसाळे तोंड दाखवून गेले होते. नळ आठवडाभर सुं सुं करायचा, आणि टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची.

घर लहान होतं. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची एक आप्पांची. मधल्या अंगणात कडुनिंबाखाली त्यांची पांढरी अँबॅसिडर. आप्पांचा उभा जन्म मुरुडला तेलाच्या व्यापारात गेला होता. बायको गेल्यावर त्यांनी घाणा, दुकान, शेत सगळं मुलांच्या स्वाधीन केलं आणि स्वतःसाठी फक्त गाडी मागून घेतली. जुन्या लाकडी घाण्याचे चार ओंडके तेवढे सोबत आणले. गाडी उचलली की तिच्याखाली ते ओंडके लावायचे.

गाडीचं नाव त्यांनी बसवा ठेवलं होतं. त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, सोमवारी बैल जुंपत नाहीत, म्हणून सोमवारी गाडीही काढायचे नाहीत. एकदा शेजारच्या सुनेला सोमवारीच कळा सुरू झाल्या. आप्पा चावी घेऊन बाहेर आले, गाडीच्या नाकावर हात ठेवून कानडीत काहीतरी पुटपुटले आणि मगच बसले. "काय म्हणालात?" मी नंतर विचारलं. "माफी मागितली," म्हणाले. "सुट्टीच्या दिशी जुंपलं ना माय त्याला."

मला ते माय म्हणायचे. यांना साहेब म्हणायचे. "नवा जिल्हा हाय, सगळेच साहेब," हे त्यांचं उत्तर. साबण वापरत नसत, अंगाला हरभऱ्याचं पीठ लावून तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. गाडीखाली उताणे शिरताना ती डबी छातीच्या बरोबर मधोमध ठेवायचे. माणूस चाकाखाली गेला तरी देव वर राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे सगळं ऐकून कोणालाही हा म्हातारा आवडेल. मलाही पहिले दोन महिने आवडला.

मग एका रविवारी हे त्यांच्याबरोबर गाडीखाली गेले.

झालं असं की गाडी मागून कुरकुरायला लागली. खड्ड्यातून गेली की खट्‌ असा आवाज यायचा. मेकॅनिकला गाडी दाखवणं आप्पांना मान्य नव्हतं. "आपल्या बैलाच्या पायाला कुनीबी हात लावंल का?" म्हणायचे. त्यांनी यांना मागच्या सीटवर बसवून गल्लीतून दोन चकरा मारल्या, डोळे मिटून आवाज ऐकला, म्हणजे गाडी चालवता चालवता डोळे मिटले, आणि जाहीर केलं की पाट्याचे बुश गेले. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची कमान असते. ती कमान गाडीला जिथे अडकवतात तिथे मधे रबर घालतात. त्या रबराला बुश म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. "लोखंडाला लोखंड लागू नये म्हनून," आप्पांनी मला ते झिजलेलं रबर तळहातावर ठेवून दाखवलं. "सगळा मार हे खातंय आन्‌ कुनाला दिसत न्हाई."

मला त्यात रस नव्हता. माझे कान अंगणाकडे होते, कारण हे बोलत होते.

आमचे हे अबोल. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला "हो", "नको", "वाढ" आणि "दार लावून घे" यापलीकडे फारसं काही मिळालं नव्हतं. मी समजूत घातली होती स्वतःची, की स्वभाव आहे, सासऱ्यांचाही तसाच होता. आणि आता गाडीखालून यांचा आवाज येत होता. एकामागून एक वाक्यं. मग हसले. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून दारात आले. गाडीखालून दोन जोड पाय बाहेर आलेले, एक जाड, धोतरातले, आणि एक यांचे. यांचे पायसुद्धा हसत होते, अंगठे हलत होते.

त्या दिवसापासून दर रविवारी तेच. एका आठवड्यात एका बाजूचे बुश, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचे, मग पुढच्या चाकांचे. त्या गाडीला इतकी रबरं असतील असं मला वाटलं नव्हतं. मी चहा घेऊन जायची. गाडीखालून आप्पांना माझे फक्त पाय दिसायचे, आणि ते पायांवरून मला ओळखायचे.

"माय, आज पाय रागावल्यात तुझे."

"पायांना कशाचा राग, आप्पा?"

"ते तू जान. कप जोरात ठिवलास."

हे खालून काही बोलायचे नाहीत. मी गेले की परत सुरू.

एकदा दुपारी आप्पांनी वाटीत झाकून कारल्याची भाजी आणून दिली. "साहेबांला लई आवडतंय म्हनं, मी केलो." चार वर्षं मी या घरात कारलं आणलं नव्हतं, कारण यांनी कधी मागितलं नव्हतं. रात्री यांनी बोटं चाटून ती भाजी खाल्ली. मी विचारलं, "मला कधी सांगितलं नाही ते?" तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस." मी ताट उचललं आणि मोरीत आदळलं. कारल्यापायी माणूस रडू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

असं एकेक बाहेर यायला लागलं. यांना गोदावरीत पोहता येतं, एकदा पुरात उडी मारून वासरू काढलं होतं, हे मला आप्पांकडून कळलं. शाळेत असताना यांना चित्रकलेचा मास्तर व्हायचं होतं, हेही आप्पांकडून. माझ्या नवऱ्याची गोष्ट मला परक्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती, आणि वर तो म्हातारा "तुला ठावंच आसंल की" असं म्हणायचा. मी मान हलवायची. दुसरं काय करणार?

त्यांच्या कामाला माझीच मदत लागायची, हा आणखी एक जाच. नवं रबर घट्ट असतं, लोखंडाच्या भोकात सहज शिरत नाही. त्याला ओलं, बुळबुळीत करावं लागतं, आणि ते करायचं साबणाच्याच पाण्यानं. आप्पांच्या घरात साबणच नव्हता. म्हणून कपडे धुतले की त्यातलं वाटीभर पाणी मी बाजूला ठेवायचं, असा नियमच झाला. पाण्याची तशी ओढाताण असताना ते वाटीभरही मी फरशी पुसायला वापरलं असतं. ते रबराला जायचं.

"तेल का नाही लावत?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

आप्पा गाडीखालून पार बाहेर आले. "बेड, बेड," म्हणाले. म्हणजे नको, नको. घाबरले की ते कानडीवर जात. "रबराला तेल म्हंजे इख. मऊ पडतंय, फुगतंय, सडतंय. जन्मभर तेल इकलो मी, पन बुशाला थेंब लावनार न्हाई."

मी हे लक्षात ठेवलं होतं.

त्यांचा दुसरा नियम मला पुढे फार दिवसांनी उपयोगी पडला. एकदा यांनी नवे बुश घालून, गाडी ओंडक्यांवर अधांतरी असतानाच नट आवळून टाकले. आप्पांनी बघितलं आणि सगळे परत ढिले करायला लावले. "हवेत आवळलेलं रबर खाली आलं की पीळ धरतंय, साहेब. चार दिसात फाटतंय. आदी चाकं टेकवायची. गाडीचा भार येऊ द्यायचा. भार आल्यावर जशी बसंल तशी बसू द्यायची, आन्‌ मग आवळायचं." मग चाकांखाली फळ्या घालून गाडी त्यांच्यावर उतरवली, हे पुन्हा खाली शिरले आणि आप्पा भार कमी पडू नये म्हणून स्वतः जाऊन मागच्या सीटवर बसले. धिप्पाड माणूस. गाडी चार बोटं खाली बसली. ते आत मांडी घालून, डोळे मिटून, पूजेला बसावं तसे. खालून हे ओरडले, "झालं, आप्पा." तेव्हा उतरले.

आता मूळ गोष्टीवर येते.

वर्षभरानं मागच्या उजव्या बाजूचं काम पुन्हा निघालं, त्या रविवारी मी वाटी घेऊन निघाले आणि दाराशी थबकले. चोरून ऐकायची सवय मला लागली होती, ती मी नाकारत नाही. यांचा आवाज स्पष्ट येत होता.

"परतीचा अर्ज मी मागं घेतला, आप्पा. परवाच."

"आन्‌ माय?"

"तिला सांगितलं नाही अजून."

मी तिथेच उभी राहिले. ट्रंकेतली अर्धी भांडी मी अजून बाहेर काढली नव्हती, दोन वर्षांत परत जायचं म्हणून. आईला दर पत्रात लिहीत होते, आता आठ महिने, आता सहा. आणि हा निर्णय आप्पांना माहीत, मला नाही. नांदेड गेलं याचं दुःख होतंच, पण ते नंतर झालं. आधी मनात आलं ते हे, की आप्पांना पहिल्यांदा सांगितलं.

मी मागे स्वयंपाकघरात गेले. करडीच्या तेलाची बरणी उघडली, वाटीत दोन पळ्या ओतल्या, बोटानं ढवळलं. साबणाच्या पाण्यात तेल पांढुरकं होतं, दिसत नाही. बाहेर आले, वाटी पायांजवळ ठेवली. या वेळी हळूच ठेवली.

आप्पांचा जाड हात बाहेर आला, वाटी आत गेली. खालून नुसती कुजबुज आली, शब्द कळले नाहीत. मग आप्पा म्हणाले, "माय, आज पाय लई शांत हायत तुझे." आणि काम सुरू झालं.

मला तेव्हा सुचलंच नाही. करडीचं तेल, आणि तेही उभा जन्म करडीचं तेल विकलेल्या माणसापुढे.

दीड-दोन महिने गाडी गुपचूप चालली. मग उजवीकडून परत कुरकुर. खट्‌. आप्पांनी डोळे मिटून दोन चकरा मारल्या आणि चावी कनवटीला लावली. नवे बुश सोलापूरहून यायचे होते, ते येईपर्यंत गाडी ओंडक्यांवर. त्या दिवसांत शेजारणीला सोलापूरच्या दवाखान्यात जायचं होतं. एरवी आप्पांनी नेलं असतं. ती माझ्यासमोरून डोक्याला पदर बांधून, मूल कडेवर घेऊन एसटीला गेली. मला जेवण गेलं नाही. तरी यांना सांगायची हिंमत झाली नाही, आणि हेही अर्जाचं अजून बोलले नव्हते. आम्ही दोघं एकाच ताटापुढे बसून एकमेकांपासून लपवत होतो.

बुश आले. रविवार. आप्पांनी आणि यांनी जुने काढले. मी दारातून बघत होते. रबर फुगून मऊ पडलं होतं, हातात तुटत होतं. आप्पांनी ते पाटीत टाकलं, त्यावर फडकं टाकलं आणि मला हाक मारली.

"माय, साबनाचं पानी दे वाटीभर."

मी दिलं. त्यांनी माझ्याकडे न बघता ते घेतलं. नवे बुश बसले, गाडी फळ्यांवर उतरली. आता भार आला होता, आवळायचं तेवढं राहिलं होतं. एवढ्यात आप्पा कंबर धरून उभे राहिले.

"माझी पाठ धरली. माय, तू जा खाली."

"मी?"

"साहेब भायरून फिरवनार. आतून कुनीतरी पाना धरून ठेवाय पायजे, न्हाईतर बोल्टच फिरतंय. मी भार देतो वरून."

"आप्पा, लुगडं नेसून मी गाडीखाली जाऊ?"

"बसवाखाली जायाला काय लाज? जा."

पदर खोचला, उताणी झाले आणि सरकत आत गेले. खाली अंधार, मातीचा आणि जुन्या तेलाचा वास. डोक्यावर एक वीत अंतरावर लोखंड. शेजारी हे, तसेच उताणे. यांनी माझ्या हातात पाना दिला, कुठे धरायचा ते दाखवलं. मला आप्पांचे जाड पाय दिसले, ते चढले, दार लागलं आणि गाडी आमच्यावर हळूच खाली बसली.

तेव्हा कळलं या माणसाला इथे का बोलता येतं. इथे कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही. दोघांनाही वरच बघावं लागतं.

पहिला नट आवळून झाला. हे म्हणाले, "मी नांदेडचा अर्ज मागं घेतलाय."

"माहीत आहे."

पाना थांबला. मग परत फिरायला लागला.

"दादांच्या घरात मला बोलता येत नाही गं. लहानपणापासून. मी तोंड उघडलं की ते बोलायचे. मग सवयच गेली. इथं येऊन हळूहळू शिकून राहिलोय."

"आप्पांशी."

"आप्पा काही म्हणत नाहीत ना. ऐकतात फक्त."

"आणि मी?"

"तुला सांगायचं म्हणजे तुझं तोंड बघावं लागतं," हे म्हणाले. "तू उमरीचं नाव काढलंस की तुझं तोंड कसं होतं, ते मला माहीत आहे. कसं सांगू?"

मला यांचा राग आला आणि त्याच वेळी यांचा हात धरावासा वाटला. दोन्ही हातांत पाना होता. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "मागच्या वेळी वाटीत तेल मी घातलं होतं."

मला वाटलं आता काहीतरी मोठं होईल. यांनी दुसऱ्या नटावर पाना लावला.

"हो. आप्पांनी तेव्हाच वाटी हुंगली होती. करडीचं, म्हणाले."

"मग बसवले कशाला? दुसरं पाणी मागायचं."

"मी तेच म्हणालो. आप्पा म्हणाले, दुसरी वाटी मागितली तर मायला कळंल की आपल्याला कळलं. रबर काय, दुसरं येईल."

मी वर बघत पडून राहिले. मेकॅनिकला हात लावू देत नव्हता हा माणूस, आणि आपल्या बसवाच्या पायात जाणूनबुजून इख घातलं त्यानं, मला मान खाली घालायला लागू नये म्हणून. मला रडू आलं, आणि खरं सांगते, त्यातही मी जळले. एवढं एक वाईट काम मी आयुष्यात एकटीनं केलं होतं, ते तरी माझं एकटीचं राहील असं वाटलं होतं. तेही या दोघांनी दोन महिने आपसात वाटून घेतलं होतं.

शेवटचा नट आवळून झाला. यांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं, आता बाहेर निघायचं, आणि बाहेर गेलं की यांना माझं तोंड दिसणार, परत "हो", "नको", "वाढ".

वरून सीट करकरली. आप्पांचा आवाज आला.

"झालं का, साहेब? उतरू का मी?"

यांनी तोंड उघडलं. मी यांच्या आधी बोलले.

"बसा अजून थोडं, आप्पा."